क्रेटर लेकला मुक्कामीच जा

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला सहलीचा बेत ऐकला की दोनच प्रश्न सुचतात. रस्ता चालू आहे का, आणि मुक्काम कुठं. काय बघायचं ते मागाहून. ओरेगनात हिल्सबरोला मुलीकडं गेलो, तेव्हा जावयांनी क्रेटर लेकचा बेत लॅपटॉपवर दाखवला. मेअखेरची जोडून सुट्टी. शनिवारी पहाटे हिल्सबरोहून निघायचं, दुपारी तळं, तिथून पुढं रेडवूडचं जंगल, मग सॅन फ्रान्सिस्को. रकाने छान रंगवलेले होते. तळ्याच्या वाट्याला तीन तास आले होते, त्यात जेवण धरून. मी म्हटलं, "ही तर विनाथांबा गाडी झाली. मग तळ्याला थांबा कशाला दिलाय?"

मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्या लांब जायचं तर वाटेतलं सगळं करून घेऊ या की."

हे 'करून घेणं' घरोघरी चालतं. सातारा, सांगली, पुण्याहून आई-बाप एप्रिल-मे महिन्यांत मुलांकडं अमेरिकेला जातात, कारण इकडं ऊन सोसत नाही आणि गणपतीला परत यायचं असतं. पोरांना रजा थोडी. मग नकाशावर जे जे नाव दिसेल ते एका फेरीत बसवायचं. नायगारा असेल तर ठीक आहे, तो मेमध्येही कोसळतच असतो. क्रेटर लेकचं तसं नाही. आणि म्हणूनच ओरेगन, वॉशिंग्टन, कॅलिफोर्नियात ज्यांची मुलं आहेत, त्यांना उद्देशून हे लिहितो आहे.

जावयांना म्हटलं, आधी रस्ता बघा. पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती रोज लावलेली असते. उत्तरेचं प्रवेशद्वार बंद. तळ्याभोवतीचा रस्ता बंद. दक्षिणेकडून ६२ नंबरच्या हमरस्त्यानं वर जाणारा तेवढा एक रस्ता चालू. हिल्सबरोकडून यूजीन, ओकरिज करत जाणाऱ्याला उत्तरेचं दार सोयीचं, आणि नेमकं तेच बंद. हे काही अपवादानं घडत नाही. उत्तरेचा रस्ता साधारण नोव्हेंबरमध्ये बंद होतो आणि मे सरता सरता किंवा जूनमध्ये कधीतरी उघडतो. तळ्याभोवतीचा ५३ किलोमीटरचा पूर्ण फेरा मोकळा व्हायला सहसा जुलै उजाडतो. बर्फ हटवायला मंडळी एप्रिलपासूनच लागलेली असतात, तरीही. आंबेनळी घाटात दरड कोसळली की दोन दिवसांत रस्ता मोकळा करा म्हणून आपण ओरडतो. इथं बर्फ उपसायला तीन महिने जातात आणि कुणी तक्रार करत नाही, कारण वर्षाला सरासरी बारा-तेरा मीटर बर्फ पडतं. चार मजली इमारत बुडेल एवढं. ते फेकणारी चक्राची यंत्रं मी व्हिडिओत पाहिली आणि त्या चालकांना मनातल्या मनात सलाम ठोकला. घाटात गाडी चालवणं काय असतं हे मला ठाऊक आहे. रस्ता कुठं आहे हेच दिसत नसताना कड्याच्या काठानं यंत्र चालवणं ही वेगळीच ड्यूटी.

पण या बर्फावर रागावून चालत नाही. या तळ्यात एकही नदी येऊन मिळत नाही आणि एकही नदी यातून निघत नाही. वरून पडणारं बर्फ आणि पाऊस एवढीच आवक. वाफ होऊन आणि खडकातून झिरपून जातं तेवढीच जावक. दोन्हीचा हिशेब जुळलेला आहे म्हणून पाण्याची पातळी फारशी हलत नाही. म्हणजे मेमध्ये जे बर्फ रस्ता अडवून बसतं, त्याचंच हे तळं झालेलं आहे. नदी नाही म्हणून गाळ नाही. गाळ नाही म्हणून पाणी इतकं नितळ की सूर्याचा तांबडा-पिवळा प्रकाश खोल पाण्यात शोषला जातो आणि निळा तेवढा परत वर येतो. तो निळा रंग फोटोत बघून खोटा वाटतो. प्रत्यक्षात बघून जास्तच खोटा वाटतो.

आपण सह्याद्रीची माणसं, म्हणजे खरं तर लाव्हावरचीच. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चढतो तो काळा दगड लाव्हाचाच. पण आपल्याकडं सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरला, ज्वालामुखीचे सुळके असे उभे राहिले नाहीत. ओरेगनमध्ये माझामा नावाचा उभाच्या उभा डोंगर होता, साधारण ३,७०० मीटरचा. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तो फुटला. पोटातला शिलारस बाहेर पडला, आधार गेला आणि डोंगराचा माथा आतल्या आत खचला. त्या खड्ड्यात बर्फाचं पाणी साठत साठत तळं भरायला सातशे-साडेसातशे वर्षं लागली असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. खोली ५९२ मीटर, अमेरिकेतलं सर्वांत खोल तळं. पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून १,८८३ मीटरवर आहे. म्हणजे आपण कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहिलो, तरी या तळ्याचं पाणी आपल्यापेक्षा जवळजवळ दोनशे चाळीस मीटर वर! हे आकडे सौ.ना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग थंडी किती असेल ते सांगा." प्रश्न रास्त होता. जुलैतही रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो.

डोंगर फुटला तेव्हा तिथं माणसं होती. राखेच्या थराखाली, फोर्ट रॉकच्या गुहेत, सेजब्रश झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या आहेत. तिथले मूळचे क्लॅमथ लोक आजही सांगतात की पाताळाचा अधिपती लाओ आणि वरच्या जगाचा स्केल यांची लढाई झाली आणि डोंगर कोसळला. तळ्याला ते गिवास म्हणतात आणि पवित्र मानतात. गोऱ्या माणसांना ते दिसलं १८५३ साली, सोन्याची खाण शोधत हिंडताना. आपल्या सहलीच्या बेतात या लोकांचं नाव कुठं येत नाही. निदान नातवंडांना लाओ आणि स्केलची गोष्ट गाडीत सांगा. मोबाइलला रेंज नसतेच, ऐकतील.

तर बेत बदलला. मेअखेर रद्द करून जुलैच्या शेवटचे दिवस धरले, रेडवूड आणि सॅन फ्रान्सिस्को काढून टाकलं आणि मुक्काम घातला. जावयांनी थोडं तोंड वाकडं केलं. आकड्यांच्या माणसाला रकाने पुसणं जड जातं.

मुक्कामाचा आग्रह का, ते आता सांगतो. एसटीत मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबून पहाटे परत फिरणारी गाडी. तिच्या चालक-वाहकाला त्या गावाची जेवढी माहिती असते, तेवढी दिवसातून चार वेळा तिथं येऊन वळणाऱ्या गाडीवाल्यांना कधीच नसते. तळ्याचंही तेच. दुपारी बारा ते तीन जे लोक येतात त्यांना भरदुपारचा एकच निळा दिसतो. कठड्याशी गर्दी असते, गाडी लावायला जागा नसते. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा तसंच होतं. संध्याकाळी साडेपाचनंतर गाड्या निघून गेल्या. मग वॉचमन नावाच्या टेकडीवर मी आणि नात चढलो. सव्वा किलोमीटरची वाट, चढ सव्वाशे-दीडशे मीटरचा. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्याला काहीच नाही. माथ्यावर वणव्यावर नजर ठेवण्यासाठी १९३०च्या दशकात बांधलेली दगडी चौकी आहे. खाली विझार्ड आयलंड, म्हणजे तळ्यात नंतर झालेल्या उद्रेकातून वर आलेला राखेचा शंकू, थेट पायाखाली असल्यासारखा. सूर्य पाठीमागं. आमच्याच कड्याची सावली पाण्यावर सरकत सरकत बेटावर चढली, बेट काळं झालं, आणि समोरचा पूर्वेचा कडा मात्र अजून तांबूस उजळलेला. पाणी निळ्याचं जांभळट, मग शाईसारखं. हे सगळं व्हायला तासभर लागतो. तीन तासांच्या फेरीत हा तास बसत नाही.

सकाळी वारा पडलेला असेल तर कडे पाण्यात उलटे दिसतात. दहाच्या पुढं वारा सुटला की ते मोडतं. रात्री आकाश कसं असतं, याबद्दल लिहीत नाही. साताऱ्यात बसून ते पटणार नाही.

सौ.चा गुडघा बदललेला आहे. अशा माणसानं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच रंगवलेल्या रकान्यात नव्हता. खरं तर म्हाताऱ्या माणसांसाठी इथं सोय बरी आहे. काठावर १९१५ साली सुरू झालेलं लॉज आहे. त्याच्या व्हरांड्यात तळ्याकडं तोंड करून झुलत्या खुर्च्या मांडलेल्या असतात. सौ. तिथं बसल्या, शाल गुंडाळून, थर्मासमधला चहा घेत, आणि आमच्यात सगळ्यांत जास्त तळं त्यांनीच पाहिलं. प्लेकनी धबधब्याची वाट जवळजवळ सपाट आहे, दीड-एक किलोमीटर. ती त्या सावकाश चालल्या. एवढं लक्षात ठेवायचं की काठावरचं रिम व्हिलेज २,१६५ मीटरवर आहे, कळसूबाईहून पाचशे मीटर उंच. पहिल्या दिवशी धाप लागते. दम्याचा, हृदयाचा त्रास असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारून जावं आणि पहिला दिवस खुर्चीचाच ठेवावा. हेही मुक्कामाच्याच बाजूचं कारण.

लॉजच्या खोल्या ७१, आणि उघडं राहतं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. वर्षभर आधी बघितलं तर मिळेल. नाही मिळालं तर माझामा गावठाणात तंबूची जागा, किंवा डायमंड लेक, फोर्ट क्लॅमथ, प्रॉस्पेक्ट अशी बाहेरची ठिकाणं. तंबूत राहायचं तर खाणं लोखंडी पेटीत कुलपात ठेवायचं, कारण अस्वलं आहेत. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीही पेटीतच झोपली.

आता मोठी तक्रार. पाण्यापर्यंत उतरणारी कायदेशीर वाट एकच, क्लीटवूड कोव्हची, पावणेदोन किलोमीटर खाली आणि तेवढीच वर, चढ दोनशे मीटरच्या वर. ती वाट आणि खालचा धक्का दुरुस्तीसाठी २०२६ पासून काही हंगाम बंद ठेवायचं ठरलं आहे. त्यामुळं बोटीची फेरीही नाही. हे कळल्यावर ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "पाण्याला हात लावता येत नसेल तर जायचंच कशाला?" मला हे अजिबात पटत नाही. आम्ही साताऱ्याची माणसं कास पठारापाशी राहतो. मेमध्ये कासला येऊन "फुलं कुठंयत?" म्हणून विचारणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि सप्टेंबरमध्ये फोटोसाठी फुलांत लोळणारीही. २०१२ साली पठार जागतिक वारशात गेलं, पुढं ऑनलाइन बुकिंग आलं, माणसांच्या संख्येवर मर्यादा आली, तेव्हा लोक असेच चिडले होते. हात लावल्याशिवाय बघितल्यासारखं वाटत नाही, ही आपली खोड आहे.

आणि या तळ्याला माणसाचा हात लागला तेव्हा काय झालं, त्याचा इतिहासच आहे. यात मुळात मासे नव्हते. विल्यम ग्लॅडस्टन स्टील नावाच्या गृहस्थानं १८८८ साली ते सोडले. हा स्टील म्हणजे तोच, ज्यानं हे तळं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून सतरा वर्षं खटपट केली आणि १९०२ साली ते करून घेतलं. म्हणजे तळ्याचा सर्वांत मोठा कैवारी आणि पहिली लुडबूड करणाराही तोच. पुढं माशांना खाद्य म्हणून क्रेफिश सोडले, ते वाढत वाढत आता काठाकाठानं पसरले आहेत, आणि जगात फक्त याच तळ्यात असणारा माझामा न्यूट नावाचा सरड्यासारखा दिसणारा उभयचर त्यांच्यापुढं संपत चालला आहे. कुणी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. म्हणून आज बाहेरची बोट, डुबकीची साधनं यांना बंदी आहे. वाट बंद आहे त्या काळात तळं जरा एकटं राहिलं तर बिघडलं काय?

बघायला वरूनही पुष्कळ आहे, दुर्बीण मात्र हवी. या तळ्यात एक 'म्हातारा' आहे. हेमलॉक झाडाचं सुमारे नऊ मीटरचं खोड, जे १८९६ पासूनच्या नोंदींनुसार उभंच्या उभं तरंगत फिरतं आहे. वारा नेईल तिकडं जातं. १९८८ साली पाणबुडीतून तळाचा अभ्यास करायला आलेल्या शास्त्रज्ञांनी अडथळा नको म्हणून ते बेटाला बांधून ठेवलं, तर ऑगस्टमध्ये वादळ आणि बर्फ सुरू झालं, सोडल्यावर निवळलं, असं सांगतात. खरं-खोटं त्या म्हाताऱ्याला ठाऊक. आम्हाला तो दिसला नाही. पण शोधण्यात नातीचा अर्धा दिवस मजेत गेला.

काठावर पांढऱ्या सालीची, वाऱ्यानं पिळवटलेली पाइनची झाडं आहेत. एका झाडावर करड्या अंगाचा, काळ्या पंखांचा कावळ्याच्या जातीचा पक्षी, क्लार्क्स नटक्रॅकर, चोचीनं पाइनचा शंकू फोडत होता. हा पक्षी या झाडाच्या बिया जमिनीत हजारोंनी पुरून ठेवतो. काही उकरून खातो, काही विसरतो. विसरलेल्या बियांतून नवी झाडं उगवतात, या झाडाची लागवड मुख्यतः अशीच होते. म्हणून त्याला चिवडा घालायचा नाही. आपल्या लोकांना घालायचा मोह होतो, मलाही झाला असता, पण नात पहाऱ्यावर होती. तिथला प्युमिस दगड मी उचलून बघितला. भोकाभोकांचा, मुठीएवढा, पण हातात घेतला तर पोह्याच्या पिशवीइतका हलका. खिशाकडं हात गेला तर नात म्हणाली, "आबा, खाली ठेवा. इथून काही न्यायचं नसतं." ठेवला.

आता बेताची वाईट बाजू. जुलैपर्यंत डास फार, अंगभर कपडे हवेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डास कमी, हवा उत्तम, पण वणव्यांचा धूर येऊ शकतो, आणि आला तर तळं दिसत नाही, समोर नुसती करडी भिंत. यावर उपाय एकच, हाताशी एक दिवस जादा ठेवणं आणि निघण्याच्या सकाळी पार्कचा कॅमेरा बघणं. हिवाळ्यात दक्षिणेचा रस्ता चालू असतो, बर्फावर चालायची मजाही आहे, पण निम्मे दिवस तळं ढगात असतं. कठडा ओलांडून कड्यावर मुलांना सोडू नका. दगड भुसभुशीत आहे, तिथून पडून माणसं गेली आहेत.

पोरांना एवढंच सांगणं आहे. आई-बाबांचं विमानाचं तिकीट काढण्याआधी लॉजची खोली किंवा तंबूची जागा कुठल्या तारखेची मिळते ते बघा, आणि तिकीट त्या हिशेबानं जूनअखेरचं काढा. तळ्याच्या अलीकडं-पलीकडं दुसरं काही लावू नका. आणि आई-बापहो, गणपती एखादं वर्ष पोरीच्या घरी बसतील, पोर्टलंडकडं मूर्ती मिळते, मोदकाचं सारण तुम्ही घेऊन जा. मे महिन्यातलं ऊन सोसत नसेल, तर त्यासाठी महाबळेश्वर आहेच.